पुण्यात पर्यावरण आणि सलोखा, दोन्हीत काम करायचंय. सुरुवात नेमकी कुठून?

कात्रजकर

नमस्कार मंडळी. शनिवारची सकाळ आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, एवढा वेळ नियमित देता येईल. पैसे देण्यापेक्षा हातपाय चालवायचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर चार गट सापडले: एक नदीचा, एक टेकडीचा, दोन 'सद्भावने'चे. चारही ठिकाणी फोटो आणि सुप्रभात यांचीच गर्दी.

विचारायचंय ते असं. कुठल्या कामात एका माणसाच्या वेळाने खरोखर फरक पडतो? कागदपत्रांचं काम शिकायचं तर कुठून शिकायचं? फलक घेऊन चौकात उभं राहायचं तर परवानगीचं काय? आणि शांततेचं काम म्हणजे मेणबत्त्या लावणं सोडून रोजचं, कंटाळवाणं का असेना, असं काही असतं का? 'अमुक संस्थेला भेटा' एवढंच उत्तर नको, काम सांगा.

कागदी_घोडा

'कंटाळवाणं का असेना' म्हणालात, म्हणून लिहितो. शहरातल्या पर्यावरणाच्या निम्म्या लढाया कागद वेळेवर न वाचल्यामुळे हरल्या जातात. करवत लागल्यावर झाडाला मिठी मारणारे पन्नास जण मिळतात. तीन आठवडे आधी खोडावर चिकटवलेली नोटीस वाचणारा एक मिळत नाही.

आधी महापालिकेच्या लेखी तुम्ही कुठे राहता ते शोधा: प्रभाग क्रमांक, क्षेत्रीय कार्यालय (शहरात अशी पंधरा आहेत) आणि जवळची आरोग्य कोठी (सफाई कर्मचाऱ्यांचं हजेरीचं ठिकाण). क्षेत्रीय कार्यालयातला उद्यान निरीक्षक, आरोग्य निरीक्षक आणि पथ विभागाचा कनिष्ठ अभियंता, या तिघांची नावं वहीत लिहून ठेवा. आयुक्तांना ईमेल करणारे हजार असतात, पण काम या तिघांच्या टेबलावर होतं.

झाडांपासून सुरू करा. कायदा १९७५ चा, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. झाड तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि त्या झाडावर दिसेल अशी नोटीस लावायची. हरकतीची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते आणि ती दिवसांत मोजायची असते, आठवड्यांत नाही. हरकतीच्या पत्रात इतकं हवं: नोटिशीचा क्रमांक व तारीख, झाडाचा क्रमांक, जात, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर मोजलेला घेर, अक्षांश-रेखांशासह फोटो आणि 'तोडण्याऐवजी काय करता येईल' याचं एक ठोस वाक्य. उदाहरणार्थ: 'पूर्वेकडची फांदी छाटल्यास वीजवाहिनी मोकळी होते, खोड तोडण्याची गरज नाही.' शेवटी सुनावणीची मागणी. पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तयार मजकूर चारशे जणांनी जसाच्या तसा पाठवणं. कार्यालय तो गठ्ठा एकच हरकत म्हणून बाजूला ठेवतं आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही. चार वेगवेगळ्या झाडांवर चार वेगळी पत्रं यापेक्षा जड जातात.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा अधिक वयाचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी भरपाईची झाडं लावावी लागतात. दोनशे किंवा अधिक झाडांचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूदही त्या दुरुस्तीत होती. ती आज लागू आहे का, ते कार्यालयात विचारून घ्या. त्यामुळे प्रस्तावात झाडांची वयं कमी दाखवली आहेत का आणि एकाच प्रकल्पाचे दीडदीडशेचे तुकडे केले आहेत का, या दोन गोष्टी आधी तपासा.

दुसरं काम माहिती अधिकाराचं. महाराष्ट्रात 'जोडपत्र अ' चा नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. त्यानंतर दुसरं, राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत. 'का' विचारू नका. 'झाडं का तोडली?' याला 'माहिती या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येतं. 'अमुक रस्त्यावरील झाडांच्या परवानगीच्या आदेशाची, पाहणी अहवालाची आणि भरपाईच्या लागवडीच्या जागेच्या यादीची प्रत द्यावी' असं मागा. प्रतीला पानामागे २ रुपये. फाईल जाड असेल तर आधी अवलोकन मागा, पानांना खुणा करा आणि तेवढ्याच प्रती घ्या.

शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख बघता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधी सुरू झाली, पण आता चालू आहे का ते विचारून घ्या. जाण्याआधी त्या खात्यात फोन करा, नाहीतर 'साहेब साइटवर आहेत' ऐकून परत यावं लागतं.

तिसरं, नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. पुण्यात २००६-०७ पासून आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज घेतात, क्षेत्रीय कार्यालयात किंवा संकेतस्थळावर. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. पदपथाची दुरुस्ती, बाक, दिवे, बसथांब्याची सावली, बागेतला खताचा हौद असली कामं बसतात. सोसायटीच्या कुंपणाआतलं काही बसत नाही. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा जागा धड न सांगितल्यामुळे. 'आमच्या भागातले पदपथ नीट करा' हा अर्ज नव्हे. 'अमुक शाळेच्या फाटकापासून तमुक बँकेपर्यंत, डावीकडे, १४० मीटर, सहा ठिकाणी फरशी उखडलेली, दोन ठिकाणी चढायला उतार नाही' असं लिहिलं की अभियंता तिथल्या तिथे अंदाजखर्च काढू शकतो. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत ते काम आलं का बघा आणि आलं असेल तर निविदा निघेपर्यंत पाठ सोडू नका. बरीच कामं पुस्तिकेत छापली जातात आणि तिथेच वारतात.

टेकडीच्या_पायथ्याशी

कागदी_घोडा यांच्याशी सहमत. टेकडीबद्दल थोडं, कारण नवीन माणूस हमखास वृक्षारोपणालाच जातो.

पुण्याच्या टेकड्यांवर मुळात गवताळ माळ आणि विरळ पानगळीचं रान. कातळावर कधीकधी फूटभरसुद्धा माती नसते. तिथे जुलैत हजार रोपं लावली की पुढच्या मे महिन्यात दोनशे उरली तरी पुष्कळ. गवताचे पट्टे मोकळेच राहू द्या, चंडोल आणि टिटवीला तेच लागतात. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) सगळीकडे आधीच आहे, त्यात भर नको.

लावायचंच तर मोई, सालई, पळस, काटेसावर, बहावा, कहांडळ. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यायचा. रोप दोन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलैमध्यात. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाच्या मुळांना पुरेसा वेळच मिळत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला आठ-दहा लिटर पाणी. म्हणजे पन्नास रोपांना आठवड्याला पाचशे लिटर, डोक्यावरून चढवायचं. हे गणित आधी करा आणि जेवढं पाणी नेता येईल तेवढीच रोपं लावा. खड्ड्याभोवती उताराच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला आणि वर वाळक्या गवताचं आच्छादन टाका, पाणी निम्म्याने वाचतं. पिशवी फाडून काढा. ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण दरवर्षी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट लावलेली रोपं उपटावी लागतात.

मला विचाराल तर टेकडीवर रोपांपेक्षा माणसं जास्त लागतात ती वणव्यासाठी. गवत वाळलं की, डिसेंबर-जानेवारीत, वनरक्षकाला भेटून जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) साफ करण्याच्या कामात नाव द्या. वनजमिनीवर परवानगीशिवाय गवत जाळणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फेब्रुवारी ते मे आग दिसली तर आधी फोन, मग फोटो. हिरव्या फांद्यांनी झोडपायचं ते वाऱ्याला पाठ देऊन, आगीच्या कडेने, आणि चढावर आगीच्या वर कधीच उभं राहायचं नाही, कारण आग चढावर वेगाने धावते. नायलॉनचे ट्रॅकपँट घालून जाऊ नका, सुती कपडे आणि बंद बूट.

आणि पाला. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ होते तेव्हा सोसायट्या पाला पेटवतात, आणि जुलैमध्ये त्यांच्याच खताच्या हौदात अळ्या होतात, कारण ओल्या कचऱ्यात मिसळायला कोरडं काही उरलेलं नसतं. चाळीस घरांची सोसायटी धरा. घरटी रोज साधारण ६०० ग्रॅम ओला कचरा, म्हणजे २४ किलो, आकारमानाने अडीच बादल्या. तेवढाच चुरलेला पाला रोज लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीच साठेक पोती पाला कोरडा साठवावा लागेल. हे एक काम मार्चमध्ये करून दिलंत तर त्या सोसायटीचं खत वर्षभर चालेल. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर पाला कमी, गोळाच होत नसेल तर ओल कमी. आंबूस वास म्हणजे हवा पोचत नाही, उलथा. सोसायटीला पटत नसेल तर मिळकतकराचं सांगा: गांडूळखत, सौर आणि पर्जन्यजल यांपैकी एक चालू असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत. 'चालू' हा शब्द महत्त्वाचा. बंद प्रकल्पावर घेतलेली सवलत तपासणीत निघून जाते.

मुठाकाठ

नदीच्या गटांबद्दल. नदीकाठची स्वच्छता मोहीम फसते ती पोती भरल्यानंतर. सकाळी शंभर पोती भरून काठावर रचली, फोटो झाले, गाडी आलीच नाही. दुपारी गाई आणि कुत्री पोती फाडतात, संध्याकाळी पाऊस. म्हणून तीन दिवस आधी आरोग्य निरीक्षकाला लेखी कळवा: जागा, अंदाजे पोती, गाडी किती वाजता कुठे. गाडीचा 'हो' मिळाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. पोत्यात पंधरा किलोच्या वर भरू नका, ओलं प्लॅस्टिक आणि गाळ धरून तेवढंच एका माणसाला चढावर नेता येतं. काच आणि सुया वेगळ्या, झाकणाच्या डब्यात. रबरी हातमोजे, कापडी नकोत. आणि कचरा गोळा करताना मोजून ठेवा: किती वेष्टनं, किती कपडे, किती राडारोडा. राडारोडा जास्त निघाला तर तो प्रश्न झाडूचा नाही, कुठला तरी डंपर रात्री येतोय. तिथे तुमची शनिवार सकाळ कागदी_घोडा यांच्या खिडकीवर जास्त उपयोगाची.

वेचायला जाताना तुमच्या भागात घरोघर कचरा घेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारून घ्या, कुठला माल भंगारात जातो आणि कुठला कुणीच घेत नाही. २००८ पासून ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून काम करते. त्यांच्याइतकं बारीक ज्ञान कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही. त्यांचा माल मात्र उचलू नका. स्वयंसेवकांनी हौसेने गोळा केलेल्या बाटल्या म्हणजे कुणाची तरी त्या दिवसाची कमाई असते.

जलपर्णी काढायला उत्साहाने पाण्यात उतरू नका. मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद तिचं खाद्य. वरून येणारं मैलापाणी थांबत नाही तोवर ती काही आठवड्यांत परत पसरते, आणि पाण्यात उतरलेल्याला त्वचेचे रोग मिळतात ते वेगळे.

गणेशोत्सव ही नवख्याची सगळ्यात चांगली शाळा. दीड, पाच, सात आणि दहा दिवसांच्या विसर्जनाला घाटावर माणसं हवीच असतात. एका घाटाला दुपारी तीन ते रात्री दहा या वेळात तीन-साडेतीन तासांच्या पाळ्या, पाळीला दहा-बारा जण. निर्माल्यासाठी एकच टेबल ठेवू नका, चार पेट्या ठेवा: फुलं-पत्री-दूर्वा एकीत, दोरे-जरी-कापड दुसरीत, थर्माकोल-प्लॅस्टिक-उदबत्तीची पाकिटं तिसरीत, नारळ-फळं चौथीत. हारांचे दोरे तिथल्या तिथे कापून काढा, नाहीतर ते तुकडे करणाऱ्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळतात आणि यंत्र बंद पडतं. ओलं निर्माल्य पोत्यात बांधून ठेवलं तर एका रात्रीत तापतं आणि कुजतं. ताडपत्रीवर पसरा, मध्ये पाला टाका.

बोलायचं कसं, तेही शिका. भाषण देऊ नका. 'काका, निर्माल्य इकडे द्या, दोरा काढून खतात घालतो, देवाचं पायदळी जाणार नाही.' एवढ्यावर दहातले आठ जण देतात.

पीओपीची मूर्ती घरीच विसर्जित करायची असेल तर अमोनियम बायकार्बोनेट. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली ही पद्धत, महापालिका पूड फुकट देते. मूर्तीच्या वजनाइतकी पूड, मूर्ती बुडेल एवढं पाणी, प्लॅस्टिकची बादली (धातूची नको). विरघळायला दोनेक दिवस. मूर्तीवर पांढरा थर चढतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याने पुढची प्रक्रिया अडते, म्हणून दर दोन-तीन तासांनी ढवळा आणि थर खरवडा. झाकण घट्ट लावू नका, कर्बवायू सुटतो. उन्हात ठेवू नका, अमोनियाचा वास असह्य होतो. वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, भरपूर पातळ करून बागेतल्या शोभेच्या झाडांना चालेल. रंगवलेल्या मूर्तीचं पाणी भाजीला नको. शाडूची मूर्ती बादलीत काही तासांत विरघळते आणि माती मूर्तिकाराला परत देता येते.

घाटाचं एवढं लांबण लावलं कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. मंडळाचे कार्यकर्ते, बंदोबस्ताचे पोलीस, जीवरक्षक, कोठीचे कर्मचारी, शेजारच्या मोहल्ल्यातून पाणी वाटायला आलेली पोरं, सगळे एका रात्रीत ओळखीचे होतात. पुढे कधी अफवा उठली तर फोन याच लोकांना करायचा असतो.

चौकातला

मुठाकाठ यांनी बरोबर जागी आणून सोडलंय. तिथून पुढे.

सलोख्याच्या कामाचा आपल्याकडचा सगळ्यात नीट नमुना भिवंडीचा. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे मोठ्या दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या: वस्तीवस्तीत दोन्ही समाजांची माणसं आणि त्या वस्तीची जबाबदारी असलेला पोलीस. बैठका नियमित, आणि विषय नळाचं पाणी, भांडणं, टवाळखोरी असले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली.

यातून घ्यायचं ते एवढंच, की समिती दंगलीच्या आधी आणि दंगलीशी संबंध नसलेल्या कामावर बांधली गेली. नळावरच्या भांडणात तुमचं ऐकणारा माणूस अफवेच्या रात्रीही ऐकतो. अफवेच्याच रात्री पहिल्यांदा भेटणाऱ्याचं कोण ऐकेल?

प्रत्यक्षात असं करा. तुमच्या पोलीस ठाण्यात शांतता समिती असते, सणांआधी तिची बैठक होते. वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या: नाव, पत्ता, भागात काय काम करता, उपलब्ध वेळ. लगेच सदस्य करतील असं नाही. तोवर बैठकीला बसू देण्याची विनंती करा. बसायला मिळालं की सूचना लेखी द्या आणि नेमकी द्या. 'सर्वांनी शांतता राखावी' हे तिथे आधीच सगळे बोलून झालेले असतात. 'मिरवणूक अमुक वाजता या मशिदीसमोर असते, तेव्हाच नमाजची वेळ, मंडळ वीस मिनिटं आधी पुढे सरकलं तर दोन्ही सुटतं' हे उपयोगाचं.

त्यासाठी पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका शेजारी ठेवून वर्षाच्या सुरुवातीलाच तक्ता करा. हिजरी वर्षात अधिक मास नाही, त्यामुळे त्यातले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतात. आपले सणही तसेच मागे येतात, फक्त अधिक मास आला की महिनाभर पुढे उडी मारतात. म्हणजे दोन अधिक मासांच्या मधली दोन-तीन वर्षं ठरावीक सण जोडीने चालतात. २०२३ ला अधिक श्रावण झाला. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला, २०२४ ला एका दिवसाच्या अंतराने, २०२५ लाही तसंच. २०२३ मध्ये राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला आणि शासनाने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. त्याच वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद २९ जूनला एकाच दिवशी होती. २०२४ आणि २०२५ मध्ये आषाढी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला, जोड्या सुटल्या आणि ईद-ए-मिलाद नारळी पौर्णिमेच्या शेजारी गेली. चंद्रदर्शनाने एक दिवस इकडेतिकडे होतो, तेवढी जागा तक्त्यात सोडा. हा एक कागद बैठकीत ठेवलात की पुढच्या वेळी तुम्हाला आपणहून बोलावतील.

अफवेचं. वस्तीतल्या पंधरा-वीस माणसांची यादी करा: मंडळाचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, बुद्धविहारातलं कुणी, रिक्षा स्टँड, दूधवाला, दवाखाना, रात्रपाळीचा औषध दुकानदार. प्रत्येकाचे दोन नंबर, दर तीन महिन्यांनी फोन करून तपासायचे. संदेश आला तर 'हे खरं आहे का?' असं म्हणून पाचशे जणांच्या गटात टाकू नका, तोही प्रसारच. जागेपासून शंभर मीटरवर राहणाऱ्या यादीतल्या माणसाला फोन करा. व्हिडिओ असेल तर दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरपट्ट्या, कपड्यांवरून ऋतू बघा. बरेचसे व्हिडिओ दुसऱ्या राज्यातले, जुने निघतात. मग एकच ओळ, नाव आणि वेळेसह: 'रात्री ९.४०. अमुक चौकात दुकानं उघडी आहेत, वाहतूक चालू आहे. मी इथेच उभा आहे.' अफवेतली वाक्यं खोडून काढायलाही परत लिहू नका, लोकांच्या लक्षात नेमकी तीच राहतात. गंभीर असेल तर ११२. (१९३० हा नंबर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीचा, तिथे हे सांगून उपयोग नाही.) दोन समाजांत तेढ पसरवणारा मजकूर पुढे ढकलणाऱ्यावरही भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. गटात हे शांतपणे एकदा लिहून ठेवलं की निम्मे उत्साही गप्प होतात.

तिरका_प्रश्न

शांतता समितीचं फारच गोड चित्र रंगवलंय. बऱ्याच ठिकाणी तीच ती पंचवीस माणसं, सत्कार, चहा, फोटो. बायका नाहीत, तिशीखालचं कुणी नाही. ज्यांच्या पोरांच्या हातात दगड येतात ते मोहल्ले तर त्या यादीत नसतातच. तिथे जाऊन कात्रजकर काय करणार?

चौकातला

आक्षेप मान्य. म्हणूनच समितीत बसणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ठाण्याबाहेर आठ-दहा जणांची मासिक बैठक, निम्म्या बायका, निम्मे तिशीखालचे, आणि विषय कायम स्थानिक: कचऱ्याची गाडी, शाळेसमोरचा रस्ता, अभ्यासिका. बैठकीची जागा आळीपाळीने बदला, एकदा या आळीत, एकदा त्या. एकाच बाजूच्या सभागृहात कायम भरणाऱ्या बैठकीला दुसरी बाजू तिसऱ्या महिन्यात येणं बंद करते. राजकीय पदाधिकारी आला तर स्वागत, अध्यक्षपद नाही. फोटो नको हा नियम पहिल्याच दिवशी. फोटो नाही म्हटलं की कोण येतं आणि कोण येत नाही, ते आपोआप कळतं.

कागदी_घोडा

चौकात उभं राहण्याच्या परवानगीचं राहिलं होतं.

शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१)(३) खालचे मनाई आदेश वरचेवर, साधारण पंधरवड्याच्या मुदतीने निघतात. त्यात परवानगीशिवाय पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला, मिरवणुकीला, घोषणांना बंदी असते. जुनं १४४ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. अर्ज स्थानिक ठाण्यात किमान सात दिवस आधी, प्रत विशेष शाखेला: आयोजकांची नावं व ओळखपत्रं, जागा, सुरू आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, फलकांवरचा मजकूर, ध्वनिवर्धक हवा की नको. ध्वनिवर्धक टाळलात तर अर्ज निम्मा हलका होतो. हवाच असेल तर वेगळी परवानगी, रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. नकार तोंडी देत असतील तर 'लेखी कळवावे' असं आणखी एक पत्र आवक करा.

हातात नोटीस पडली तर कलम बघा. त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ (जुनं १४९) म्हणजे 'असं करू नका' अशी आगाऊ समज. 'मिळाली' लिहून तारीख-वेळ टाकून सही करा आणि प्रत मागून घ्या. ३५(३) (जुनं ४१अ) म्हणजे गुन्ह्याच्या तपासात हजर राहण्याची नोटीस. ती तारीख चुकवायची नाही आणि जाण्याआधी वकिलाशी बोलायचं. या दोन्हींत गोंधळ करून लोक पहिलीला घाबरतात आणि दुसरी घरी विसरतात.

कात्रजकर

खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून उद्यान विभागात फाईल बघायला जाईन म्हणतो, आमच्या रस्त्यावरच्या सात झाडांवर नोटिसा आहेत. सोबत काय नेऊ?

कागदी_घोडा

नोटिशींचे फोटो छापून, क्रमांक वाचता येतील असे. मोजपट्टी सुताराची नको, शिंप्याची घ्या, घेर मोजायला तीच लवचिक लागते. सातही झाडं रविवारीच मोजून ठेवा आणि फाईलमधल्या पाहणी अहवालातल्या घेराशी ताडून बघा. ओळखपत्र, कोरे कागद, पेन. प्रतींसाठी सुटे पैसे, खिडकीवर पाचशेची मोड कधीच नसते. आणि नोटिशीवरची मुदत आजच बघा. ती सोमवारच्या आत संपत असेल तर फाईल नंतर, हरकतीचं पत्र उद्या सकाळी.

मुठाकाठ

घेराबरोबर घरटी आणि ढोलीही टिपा, तारखेसह फोटो काढा. पाहणी अहवालात त्यांचा उल्लेख बहुतेक वेळा नसतो.